चौथ्या डिस्कचा नंबर

ताईला संशय यायला कारण लागत नसे, निमित्त पुरत असे. साखरेच्या डब्यातली पातळी चमचाभर खाली गेली तरी ती आधी घरातल्या माणसांकडे बघायची आणि मग मुंग्यांकडे. घरातली माणसं म्हणजे एकटी आई, तीही मधुमेहाची, त्यामुळे तो संशय अगदीच बिनबुडाचा नसायचा, ही गोष्ट वेगळी.

पण उगाच तिच्यावर अन्याय नको. ती काही जन्मापासून अशी नव्हती. आठ वर्षांपूर्वी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तीन भागीदार बसत: ताई, तिची धाकटी बहीण आणि ज्याला सगळे दाढी म्हणत तो एक गृहस्थ. दाढी गोड बोलायचा, वेळेवर यायचा, स्वतःची कपबशी स्वतः विसळायचा. एका शनिवारी डोकं दुखतंय म्हणून तो लवकर गेला आणि सोमवारी दोन गल्ल्या सोडून त्याच्या स्वतःच्या ऑफिसची पाटी लागली. ताईनं तीन वर्षं खपून उभी केलेली सगळी मशीनं त्यानं जाताना कॉपी करून नेली होती, आणि त्यांच्या पाठोपाठ निम्मे ग्राहक. तेव्हापासून ताई ताकच काय, साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

मशीनं म्हणजे लोखंडाची नव्हेत. कितीतरी कारखान्यांत आणि दवाखान्यांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम अजून चालतात. ते ज्या संगणकांवर चालत ते कधीच भंगारात गेले. मग ताई काय करायची, तर आजच्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचं सोंग उभं करायची. जुना प्रोग्राम त्या सोंगालाच खरा संगणक समजून निमूट कामाला लागायचा. असं एकेक सोंग म्हणजे एकेक मशीन, आणि त्या मशीनची अख्खी डिस्क म्हणजे नुसती एक भलीमोठी फाइल. पेनड्राइव्हवर टाकली की खिशात मावते. दाढीनं नेमकं तेच केलं होतं.

त्या प्रकरणानंतर ताईनं नियम घातला की एका मशीनची एकच डिस्क दोघींनी वापरायची नाही. मूळ डिस्क वेगळी, ताईची चाचणीची वेगळी, धाकटीची ग्राहकांना दाखवायची वेगळी. का, ते पुढे येईलच. धाकटी तेव्हा हसून म्हणाली होती, "आता मला स्वतःचा टूथब्रश मिळाला म्हणायचा."

धाकटी हसायचीच. ग्राहकांशी बोलणं तिच्याकडे आणि सी या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिणं ताईकडे, अशी सरळ वाटणी होती. ग्राहक आले की "ताई आहेत का?" असं विचारायचे आणि जाऊन बसायचे धाकटीच्या टेबलापाशी. ताईला याचं काही वाटत नसे, असं ती म्हणायची.

पण गेले तीन महिने पाणी कुठंतरी मुरत होतं. दर गुरुवारी तीन वाजले की धाकटी पर्स उचलून बाहेर पडायची ती परत यायचीच नाही. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची. एकदा ताई मागून गेली तर तिनं लॅपटॉप चटकन मिटला.

"गुरुवारी कुठं असतेस?" ताईनं विचारलं.

"दातांच्या डॉक्टरकडे."

"बत्तीस दातांना तीन महिने लागतात?"

"अक्कलदाढ आहे, ताई. तुला नाही यायची कळायला."

ताई हसली नाही. तिनं कॅलेंडरवर गुरुवार मोजले, तेरा भरले. तेरा गुरुवारांत माणसाचे सगळे दात काढून नवे बसवून होतात. आणि धाकटीच्या गालाला सूज म्हणाल तर एकदाही नव्हती.

अशा अवस्थेत एका मंगळवारी रंगाच्या कारखान्याचा मॅनेजर जिना चढून वर आला. हा त्यांचा सर्वांत जुना ग्राहक. कापडाच्या कुठल्या रंगात काय किती घालायचं हे सांगणारा त्यांचा प्रोग्राम ताईच्याच वयाचा असावा, आणि तो ताईच्या मशीनवर बिनतक्रार चालायचा. मॅनेजर भला माणूस होता. त्याच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असायचा. त्या दिवशी जांभळा होता.

"ताई, एक सांगायचंय, पण रागावू नका," तो खुर्चीत टेकत म्हणाला. "ते तुमचे जुने भागीदार आले होते आमच्याकडे. निम्म्या दरात मशीन देतो म्हणतात. त्यांच्या ऑफिसात जाऊन बघून आलो मी. हुबेहूब तुमचंच वाटलं."

ताईच्या हातातलं पेन थांबलं.

"त्यांनी डिस्कची कॉपी दिली, लावून बघा म्हणाले." मॅनेजरनं खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "आता मला कुठं लावता येतंय? म्हटलं तुम्हालाच विचारावं."

प्रतिस्पर्ध्याचा माल तपासायला आपल्याकडेच घेऊन येणारा ग्राहक देव सगळ्यांना देवो. पण ताईच्या मनात तेव्हा असलं काही आलं नाही. ती धाकटीकडे बघत होती.

"दिसणार तसंच ना," धाकटी म्हणाली. "प्रोग्राम यांच्या कारखान्याचाच आहे. कोणीही मशीन उभं केलं तरी पडद्यावर तेच दिसणार."

बोलली ते खरं होतं. पण फार लवकर बोलली, असं ताईला वाटलं. कोणी काही विचारलं नसताना हिला खुलासा कशाला सुचावा? चोराच्या मनात चांदणं.

"बसा," ताई मॅनेजरला म्हणाली. "अर्ध्या तासात सांगते ही डिस्क कुठल्या घरची आहे ते."

आता नियमाचं. अशा प्रत्येक डिस्क-फाइलच्या अगदी सुरुवातीला, माहितीच्या तक्त्यात, सोळा बाइटांचा एक ओळखक्रमांक असतो. डिस्क जन्माला येते तेव्हा तो पडतो आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही डिस्कला तो पडत नाही. तुम्ही रीतसर क्लोन, म्हणजे जुळी डिस्क तयार केलीत तर नव्या डिस्कला नवा नंबर मिळतो. पण फाइल नुसती उचलून कॉपी केलीत तर नंबरही तसाच्या तसा बरोबर जातो. चोराला घाई असते, तो क्लोन करत बसत नाही. म्हणून तर ताईनं तिघींना, म्हणजे मूळ डिस्कला, स्वतःच्या डिस्कला आणि धाकटीच्या डिस्कला, वेगवेगळे नंबर पाडून ठेवले होते. पुढे कधी माल बाहेर गेलाच, तर कोणाच्या हातून गेला ते कळावं. हे तिनं धाकटीला कधी सांगितलं नव्हतं.

ताई प्रोग्राम लिहायला बसली. ती सी लिहायची म्हणजे बघत राहावं असं. एकही ओळ वाकडी नाही, एकही कंस उघडा नाही. शहरातल्या निम्म्या पोरांना तिनंच शिकवलं होतं. पण त्या दिवशी तिच्या बोटांत राग होता, आणि राग भराभर टाइप करतो. पंचवीस मिनिटांत चाळीस ओळी झाल्या. फाइल उघडा, सुरुवातीचा तक्ता वाचा, त्यातले सोळा बाइट छापा, पुढची फाइल घ्या. तिनं चार डिस्का ओळीनं दिल्या: मूळ, ताईची, धाकटीची आणि चौथी पेनड्राइव्हवरची. मग बटण दाबलं.

पडद्यावर चार ओळी आल्या. पहिली वेगळी, दुसरी वेगळी. तिसरी आणि चौथी अक्षरशः एक.

ताईनं पुन्हा चालवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चालवला आणि बोट ठेवून एकेक अक्षर ताडून बघितलं. एका बाइटाची दोन, अशी बत्तीसच्या बत्तीस अक्षरं जुळत होती. खरं सांगायचं तर तिच्या मनात दुःखाबरोबर आणखीही काहीतरी होतं. आपण बरोबर निघालो की माणसाला कसं आतून स्वस्थ वाटतं, ते होतं.

"इकडे ये," ती धाकटीला म्हणाली. "वाच."

धाकटीनं वाकून वाचलं. मॅनेजर छताच्या पंख्याकडे बघू लागला. पंखा बंद होता.

"म्हणजे काय?" धाकटी म्हणाली.

"म्हणजे दाढीकडची डिस्क ही तुझ्या डिस्कची कॉपी आहे. माझ्या नाही, मूळ नाही, म्हणजे आठ वर्षांपूर्वी नेलेली नव्हे. तुझ्या."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. तिनं पडद्यावरच्या ओळी पुन्हा वाचल्या. मग हळूच म्हणाली, "ताई, तुझ्या प्रोग्रामनं नीट वाचली का पण ती फाइल? वाचून किती बाइट हातात आले, ते बघितलंस का?"

"तू मला सी शिकवू नकोस."

"मी शिकवत नाही, नुसतं विचारते."

"तेरा गुरुवार कुठं गेलीस ते आधी सांग. जिन्यात कोणाशी बोलतेस ते सांग."

धाकटीनं मॅनेजरकडे एकदा बघितलं. परक्या माणसासमोर तिला काही सांगायचं नव्हतं, हे उघड होतं. ताईनं त्याचाही अर्थ लावून टाकला.

"ताई, मी दिलेलं नाही," धाकटी म्हणाली.

"हा नंबर खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

इथं गप्प बसता आलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ताई म्हणाली, "हो. तूच. तो परका होता, त्यानं नेलं तर नेलं. तू माझ्या पाठची आहेस. चालती हो इथून."

धाकटीनं पाण्याची बाटली पर्समध्ये टाकली, ऑफिसची किल्ली जुडग्यातून सोडवली आणि टेबलावर ठेवली. सोडवताना तिचं नख तुटलं, तरी ती सोडवत राहिली. मग जिना उतरून गेली. मॅनेजर "मी नंतर येतो" एवढंच पुटपुटला आणि तोही गेला. पेनड्राइव्ह तसाच राहिला.

पुढचे आठ दिवस घरात आईनं ताईशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं होतं, आणि आईचं कामापुरतं बोलणं म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

"तिनं नाही म्हटलं ना?" आई म्हणायची. "मग नाही."

"आई, नंबर जुळलाय."

"तुमच्या नंबराला नऊ महिने कोणी पोटात वाढवलं नाही. मला माहिती आहे माझी पोर."

"तू तिचीच बाजू घेणार."

"तुझी घ्यायला तू जागा तरी ठेवलीस का?"

ताई ताटावरून उठून गेली. धाकटीला फोन करायचा नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं. कर नाही त्याला डर कशाला? निर्दोष असती तर ती भांडायला आली असती, असं ती स्वतःला सांगायची. पण ऑफिसात फोन वाजला की तिची मान आपोआप समोरच्या रिकाम्या टेबलाकडे वळायची, फोन घ्यायला कोणी तरी उठेल म्हणून. ग्राहक यायचे, दारातून डोकवायचे, "बाई नाहीत होय?" म्हणून विचारायचे आणि ताई असताना परत जायचे.

तिनं वकीलबाईंना गाठलं. दाढीला कायदेशीर नोटीस पाठवायची आणि बहिणीची भागीदारी मोडायची, अशी दोन कामं एकदम सांगितली. वकीलबाई मुरलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुसरं काम जरा थांबून करू. पहिल्यासाठी तुमच्या त्या प्रोग्रामचा निकाल तारीख-वेळेसकट कागदावर छापून आणा. आणि बहिणीची डिस्क पुरावा म्हणून अलग ठेवा, हात लावू नका."

ताईनं धाकटीची डिस्क वेगळ्या हार्डडिस्कवर हलवली, ती पाकिटात घातली, पाकिटाला लाखेऐवजी चिकटपट्टीचे चार फेरे दिले आणि कपाटात कुलूपबंद केली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, छापलेला कागद कसा दिसतोय, अक्षर बारीक तर येत नाही ना, एवढं नुसतं बघावं म्हणून तिनं हाताशी असलेल्या तीनच डिस्का देऊन प्रोग्राम चालवला: मूळ, स्वतःची आणि पेनड्राइव्हवरची.

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. ताईनं उचलला आणि तो उलटासुलटा करून पुन्हा बघितला.

तीन ओळी होत्या. पहिली वेगळी. दुसरी आणि तिसरी अक्षरशः एक. म्हणजे दाढीकडची डिस्क आता ताईच्या डिस्कची कॉपी झाली होती.

"प्रोग्राम चुकलाय," ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली.

आणि बसली. खाली टायरवाल्यानं कुठलंसं चाक ठोकायला घेतलं होतं, तो आवाज थेट तिच्या डोक्यात बसत होता. तिनं चाळीस ओळी उघडल्या आणि वाचू लागली. चूक शोधायला एक मिनिटही लागलं नाही. फाइल उघडून तक्ता वाचायचा हुकूम तिनं दिला होता, पण वाचून हातात काही आलं की नाही, हे कुठंच विचारलं नव्हतं. पेनड्राइव्हवरच्या फाइलचं नाव दिसत होतं, आकार दिसत होता, पण सुरुवातीचा भाग खराब झाला होता. वाचणाऱ्याच्या हाती शून्य बाइट येत होते. मग छापलं काय? तर वाचायच्या जागेत आधीच्या फाइलचं जे पडून होतं तेच. जेवून उठलेल्याचं ताट न उचलता नव्या पाहुण्याला त्यावर बसवावं आणि हा काय काय जेवला ते उष्ट्यावरून सांगावं, तसला हा प्रकार. आधी तिसऱ्या जागी धाकटी होती, म्हणून धाकटी चोर. तिला कुलपात घातलं, आधीची जागा ताईकडे आली, म्हणून ताई चोर. मूळ डिस्क आधी ठेवली असती तर ती चोर निघाली असती.

मागितलं ते मिळालं का, हे आधी बघा; नाही मिळालं तर तिथंच थांबा. हे वाक्य ताईनं वर्गात इतक्या वेळा म्हटलं होतं की पोरं मागच्या बाकावर तिच्या आवाजात ते म्हणून दाखवायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

तिनं ती एक ओळ घातली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. या वेळी त्या चौथ्या, पेनड्राइव्हवरच्या डिस्कपुढे नंबर आला नाही. 'वाचता आली नाही' एवढंच आलं. दुसऱ्या दोन संगणकांवर लावून बघितलं, तरी तेच. तिनं मॅनेजरला फोन केला.

"तो पेनड्राइव्ह ना?" मॅनेजर म्हणाला. "अहो, तो तुमच्याकडे आणायच्या आदल्या दिवशी पँटबरोबर धुऊन निघाला होता. सांगायचं राहिलंच. पण उन्हात वाळवला होता मी चांगला."

ताईनं डोळे मिटले. "दाढीकडून दुसरी कॉपी मिळेल का?"

"आता कशी मागू? त्यांना मी नाही म्हणून कळवलंय. आमच्या बाई म्हणाल्या तसं."

"कोण बाई?"

"ते त्यांनीच तुम्हाला सांगितलेलं बरं," मॅनेजर म्हणाला आणि फोन ठेवला.

बघा, माणसाचा स्वभाव कसा असतो. नुकतंच एवढं तोंड पोळलं होतं, तरी 'आमच्या बाई' ऐकताच ताईच्या मनात जुना किडा वळवळला. ही कोण नवी? काय शिजतंय? ती घरी आली ती त्याच नादात. आई गवार निवडत बसली होती.

"नंबर चुकीचा होता," ताई उभ्या उभ्याच म्हणाली. "माझी चूक झाली. तिची डिस्क आणि ती डिस्क एक आहेत असं सिद्ध होत नाही."

आईनं मान वर केली नाही. "आणि गुरुवारचं?"

"ते अजून कळलेलं नाही."

"मी सांगते. क्लासला जायची. तुझं ते सी शिकायला, तिकडे स्टेशनामागं कोणी तरी शिकवतं. जिन्यात त्या मास्तरांनाच फोन करायची, अडलं की. तुला सांगू नकोस म्हणाली."

"मला का नाही सांगायचं?"

"तू हसशील म्हणून." आईनं एक शेंग मोडली. "हसली असतीसच. चार वर्षांपूर्वी विचारलं होतं तिनं तुला, शिकव म्हणून. ग्राहकांसमोर म्हणालीस, तुझं डोकं गप्पांचं आहे, गप्पाच मार."

ताईला ते आठवत नव्हतं. पण आपण असं म्हणालो नसू, असंही तिला म्हणवेना. तिनं चपला पुन्हा पायात सरकवल्या. तिला आता लाज वाटत होती, चांगली कानापर्यंत पोचलेली लाज, आणि ती घेऊनच ती बहिणीच्या घराचे तीन मजले चढली.

दार धाकटीनंच उघडलं. ती बाजूला झाली. आतल्या टेबलावर वही उघडी होती, वहीत बाणांनी जोडलेले चौकोन काढले होते. सी मधले पॉइंटर शिकायला लागलं की सगळे तसेच चौकोन काढतात. धाकटीनं वही मिटली नाही.

"मी चुकले," ताई खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली. "प्रोग्राम चुकला नाही, मी चुकले. तू विचारलं होतंस किती बाइट आले म्हणून. शून्य आले होते."

"शून्य?"

"पेनड्राइव्ह धुण्यात गेला होता."

धाकटीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण हसू आलं नाही. "मग खरा नंबर काय निघाला?"

घरून निघताना ताईच्या मनात एक सोपी वाट येऊन गेली होती. 'वेगळा निघाला' म्हणून सांगावं, सगळं मिटून जाईल. कोण तपासणार होतं? पण ती म्हणाली, "वाचताच येत नाही. दुसरी कॉपी मिळणार नाही. आता ते कधीच कळणार नाही."

"म्हणजे मी दिलं नाही हे अजून सिद्ध झालेलं नाही."

"नाही."

"तरी आलीस."

"आले. परत चल. किल्ली आणलीय मी." ताईनं मुठीतली किल्ली टेबलावर, वहीशेजारी ठेवली. "तुझ्याशिवाय तिथं बसवत नाही मला. लोक मला बघून परत जातात."

धाकटीनं किल्लीला हात लावला नाही. मग तिनं विचारलं, "चूक सापडली कशी पण? तू तर तीन-तीनदा ताडून बघितलं होतंस."

ताईला बरं वाटलं. हे विचारलं म्हणजे ती ऐकायला तयार होती, असं तिला वाटलं, आणि चुकीची उकल सांगणं हे तसं तिच्या आवडीचंच काम. तिनं सगळं सांगितलं. पाकीट, चिकटपट्टी, कपाट, तीनच डिस्का. "आणि काय सांगू, या खेपेला तो माझाच नंबर दाखवायला लागला. दाढीची डिस्क माझ्या डिस्कची कॉपी म्हणे."

"मग? तू दिलीस का त्याला?"

"मी? मी कशाला देईन? बघताक्षणी कळलं मला, प्रोग्राम चुकलाय."

"बघताक्षणी?"

"बघताक्षणी."

धाकटीनं मान हलवली. तिचा आवाज चढला नाही, उलट होता त्याहून खाली आला. "माझा नंबर दाखवला, तेव्हा का नाही गं कळलं?"

ताईनं तोंड उघडलं. कारणं पुष्कळ होती: घाई, राग, दाढी, तेरा गुरुवार. एकेक करून ती जिभेपर्यंत आली आणि तिथंच थांबली, कारण धाकटी तिच्याकडे बघत होती आणि तिच्यापुढे यातलं एकही टिकणार नव्हतं. शेवटी ताईला जे खरं होतं तेच बोलावं लागलं.

"मला तूच सापडायला हवी होतीस," ती म्हणाली.

"हं," धाकटी म्हणाली. "मला वाटलंच होतं."

ती रडली नाही. तिनं टेबलावरची किल्ली उचलली, ताईचा हात पालथा होता तो उताणा केला आणि किल्ली त्यात ठेवून बोटं मिटवली. लहानपणी ताई तिच्या हातात खाऊचे पैसे असेच देत असे.

"मी सोमवारपासून रंगाच्या कारखान्यात जाणार आहे," धाकटी म्हणाली. "मॅनेजरांनी बोलावलं. त्या दिवशी माझ्या पाठोपाठ उतरून ऑफिसच्या जिन्याखालीच गाठलं मला. म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात ना, मग माझ्यासाठी विषय संपला. आमचे संगणक सांभाळा."

"त्या बाई तू?"

"मीच. दाढीचं घ्यायचं का म्हणून त्यांनी त्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, मशीन ताईंचंच ठेवा, त्या माणसाची खात्री नाही. तेव्हा कारखान्याचं काम जाईल अशी काळजी करू नकोस." तिनं वही जवळ ओढली आणि पेन उघडलं. "दुरुस्तीला सोमवारी दुपारी कोणाला तरी पाठवा तुमच्याकडून. मशीनवरून छापताना प्रिंटर अडकतोय तिथला, मॅनेजर सांगत होते."

ताई उठली. मग सोमवारी दुपारी मी स्वतः येते, असं म्हणाली आणि जिना उतरू लागली.